देव्हाऱ्यातले सीनियर सिटिझन

रविवारी सकाळी साडेसातला आईचा फोन आला की समजायचं, काहीतरी झालंय. रविवारी मी साडेनऊच्या आत उठत नाही, हे मला नोकरी लागल्यापासून तिला पाठ आहे. अर्धवट झोपेत फोन उचलला, तर पलीकडून एकच वाक्य.

‘‘शाळिग्राम पडला गं.’’

खरं सांगते, आधी मला वाटलं बाबाच पडले. ते ठीक आहेत म्हटल्यावर जीव भांड्यात पडला आणि मग जरा रागच आला. एक दगड पडला म्हणून एवढ्या सकाळी फोन? पण आईचा आवाज नेहमीचा नव्हता. घाबरलेला होता.

तर झालं असं, की आमच्या डोंबिवलीच्या घरी रोजची पूजा बाबा करतात. गेली दोन वर्षं त्यांचे हात थरथरतात. चहाचा कप अर्धाच भरायचा, शर्टाची बटणं आईने लावायची, हे सगळं आम्ही हळूहळू सवयीचं करून घेतलं. पूजेचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. त्या दिवशी ताम्हनातून उचलून पुसताना शाळिग्राम हातातून निसटला, फरशीवर आपटला आणि घरंगळत थेट कपाटाखाली गेला.

‘‘फुटला का?’’

‘‘नाही. तसाच आहे.’’

‘‘मग झालं तर!’’

‘‘झालं काय? उद्यापासून पूजा कोण करणार?’’

‘तू कर की’ हे अगदी ओठांवर आलं होतं. पण आमच्याकडे शाळिग्रामाला बायका हात लावत नाहीत. आईने लग्न झाल्यापासून, म्हणजे छत्तीस वर्षं, रोज चंदन उगाळलंय, तुळस खुडलीय, नैवेद्य केलाय, ताम्हन-पळी चिंचेने घासून लख्ख केलीय. शाळिग्रामाला बोट लावलेलं नाही. दादा टोरंटोला. आणि मी पुण्यात असले काय नि डोंबिवलीत असले काय, शेवटी ‘बायकां’मध्येच मोडते!

दुपारपर्यंत आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. दादाचं म्हणणं, ‘‘अरे, तो अमोनाइट आहे. फॉसिल. समुद्रातला एक मेलेला प्राणी. एखाद्या म्यूझियमला देऊन टाका आणि बाबांना आराम करू द्या.’’ मामाचं म्हणणं नेहमीप्रमाणे लांबलचक फॉरवर्डमधून आलं. सारांश इतकाच, की आपल्या ऋषींना हे सगळं आधीच ठाऊक होतं आणि पाश्चात्त्यांनी ते आपल्याकडून उचललं. खाली सोळा हात जोडलेले.

मला दोघांचंही पटेना. आणि गंमत म्हणजे, दोघांनाही एक गोष्ट विचारावीशी वाटली नाही. तो दगड आमच्या देव्हाऱ्यापर्यंत आला कसा?

आधी थोडं बेसिक. आपल्याकडे जुन्या घरांत पंचायतन असतं. विष्णू, शिव, गणपती, देवी आणि सूर्य. हल्ली बऱ्याच ठिकाणी पितळी मूर्ती दिसतात, पण मूळ पद्धतीत पाचही देव दगडाच्या रूपात, आणि प्रत्येकाचा दगड वेगळ्या ठिकाणचा. विष्णू म्हणजे नेपाळमधल्या गंडकीचा शाळिग्राम. शिव म्हणजे नर्मदेतला बाण. गणपती म्हणजे शोण नदीतला लाल दगड. देवी म्हणजे दक्षिणेतल्या सुवर्णमुखी नदीतला सोनेरी झाक असलेला दगड. आणि सूर्य म्हणजे स्फटिक, चक्क क्वार्ट्‌झ.

म्हणजे बघा, तळहातावर मावणाऱ्या ताम्हनात हिमालयापासून आंध्रापर्यंतचा नकाशा. आमच्या पणजोबांनी पुस्तकात जिऑलॉजी वाचली नसेल, पण रोज सकाळी तिला आंघोळ घालत होते!

यातला नर्मदेचा बाण समजायला सोपा. कठीण दगडाचा तुकडा वाहत्या पाण्यात, दुसऱ्या दगडांवर घासत, भोवऱ्यात गरगरत वर्षानुवर्षं फिरला की लांबट आणि गुळगुळीत होतो. पाण्याने केलेलं पॉलिशच ते. हल्ली विकत मिळणाऱ्या बाणांतले बरेचसे मध्य प्रदेशातल्या नर्मदाकाठच्या बकावा गावात माणसांच्या हातांनी घडलेले असतात, ही गोष्ट वेगळी. पण शाळिग्रामाचं प्रकरण तसं नाही. त्याच्या आत काहीतरी आहे.

हे ‘काहीतरी’ मला पहिल्यांदा कळलं ते घरात नव्हे, तर नदीच्या पात्रात. २०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही ऑफिसचे चौघे नेपाळला ट्रेकला गेलो होतो. जोमसोमला उतरलो, २,७०० मीटरवर. समोर काली गंडकीचं पात्र. नदी म्हणाल तर दोन-चार राखाडी धारा आणि बाकी मैलभर पसरलेले गोटे. एका बाजूला ८,१६७ मीटरचा धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णेची रांग आणि मधून ही नदी. जरा खाली गेलं की नदीचं पात्र आणि शिखरं यांच्या उंचीत पाच किलोमीटरहून जास्त फरक पडतो. वारा तर विचारू नका. सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत. म्हणून तिथली विमानं सकाळीच उडतात.

पात्रातून चालताना एक नेपाळी काका काळे गोटे उचलून एकमेकांवर आपटत होते. एक फुटला. आतून दोन अर्धी निघाली. एकावर उमटलेला गोल, वळणावळणाचा, कंगोऱ्यांचा सर्पिल आकार आणि दुसऱ्यावर त्याचा हुबेहूब साचा. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, ‘‘चक्र.’’

मी डोंबिवलीची, त्यामुळे मला एकदम आमचा देव्हारा आठवला. आमचा शाळिग्राम बंद आहे, अंड्याएवढा, काळाभोर. एका बाजूला छिद्र आणि त्याच्या आत डोकावलं की असेच बारीक कंगोरे. लहानपणी मी बाबांना विचारायचे, ‘‘आत कोण राहतं?’’ ते म्हणायचे, ‘‘विष्णू.’’ मला ते फार अडचणीचं वाटायचं.

आता आत कोण राहायचं ते सांगते.

पंधरा कोटी वर्षं मागे जा. हिमालय नाही. तिबेटच्या दक्षिणेला टेथिस नावाचा मोठा समुद्र आहे. (हे नाव ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी १८९३ मध्ये ग्रीक पुराणातल्या एका समुद्रदेवतेवरून ठेवलं.) आपला भारत तेव्हा खूप खाली, दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाच्या कंपूत. त्याच्या उत्तर किनाऱ्याबाहेरच्या समुद्रात अमोनाइट पोहतायत. दिसायला शंखासारखे, पण नातं माकुल आणि ऑक्टोपसशी. सर्पिल कवचात ओळीने खोल्या. सगळ्यात बाहेरच्या, मोठ्या खोलीत प्राणी राहणार. मागच्या खोल्या रिकाम्या, हवा भरलेल्या, तरंगायला. प्राणी वाढला की पुढे नवी जागा करायची आणि मागची बंद करायची. वन आरके, वन बीएचके, टू बीएचके... आणि आधीची एकही विकायची नाही! आपल्यापेक्षा बरं चाललं होतं त्यांचं.

तर हे अमोनाइट मरायचे आणि तळाच्या काळ्या चिखलात जाऊन पडायचे. त्या चिखलात प्राणवायू जेमतेम. प्राणी कुजायचा आणि त्या कुजण्यामुळेच आजूबाजूच्या पाण्याचं रसायन बदलायचं. कवचाभोवतीच्या चिखलाचे कण खनिजांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवायचे. बाकीचा चिखल पुढे दबून पातळ, थरांचा दगड झाला, पण कवचाभोवतीचा गोळा कठीणच राहिला. जसा लाडवाच्या मधोमध बेदाणा. कधी कधी लोह आणि गंधक एकत्र येऊन कवचाच्या जागी पायराइट तयार व्हायचं, ते सोन्यासारखं चमकतं. सोनेरी झाक असलेल्या शाळिग्रामाला परंपरेत ‘हिरण्यगर्भ’ म्हणतात. पोटात सोनं असलेला.

या काळ्या दगडाच्या थराला भूशास्त्रात ‘स्पिती शेल’ म्हणतात, हिमाचलमधल्या स्पितीवरून. तोच थर हिमालयाच्या पलीकडच्या अंगाने नेपाळपर्यंत येतो. मुक्तिनाथच्या आसपास आणि वरच्या दामोदर कुंडाच्या भागात तो उघडा पडलाय.

मग भारत सुटला, उत्तरेकडे सरकायला लागला आणि साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. मधला समुद्र संपला. त्याचा तळ चुरगळून, घड्या पडून वर उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडीचा दगडसुद्धा समुद्रतळाचाच आहे. आणि ही धडक अजून थांबलेली नाही. भारत आजही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेला सरकतोय. नखं वाढतात साधारण त्याच स्पीडने.

पुढचं काम नदीचं. काली गंडकी आणि तिला मिळणारे ओढे तो मऊ शेल कापत येतात. शेलचा भुगा होऊन वाहून जातो, कठीण गोटे उरतात. ते गडगडत, घासत खाली येतात. नदी आजही हे काम करतेय, आणि कधी कधी फार निर्दयपणे. १३ ऑगस्ट २०२३ ला कागबेनीत पुराने चिखल आणि दगडांचा लोंढा गावात आणला, घरं आणि पूल नेले. बातमीतली चित्रं पाहताना लक्षात आलं, आपण ज्याला तीर्थ म्हणून तळहातावर घेतो, ते पाणी हेच.

आता मामाच्या फॉरवर्डकडे येते. आपल्या लोकांना यातलं काय माहीत होतं? टेथिस नाही. सरकणारे खंड नाहीत. पंधरा कोटींचा आकडा नाही. उगाच कशाला कुणाच्या नावावर पावती फाडायची? पण त्यांनी एक गोष्ट बघितली होती आणि ती नीट बघितली होती. परंपरा सांगते की गंडकीतल्या दगडांत ‘वज्रकीट’ नावाचा किडा राहतो. वज्रासारखे त्याचे दात. तो दगड कोरतो आणि आत चक्रं तयार करतो.

क्रम उलटा आहे. किड्याने दगड कोरला नाही. प्राणी आधी होता, दगड त्याच्याभोवती नंतर झाला. पण मूळ मुद्दा? हा आकार सुताराने, पाथरवटाने किंवा नुसत्या पाण्याने केलेला नाही, एका जिवंत जीवाने केलेला आहे. ते बरोबर आहे! कंगोरे मोजून, छिद्रात डोकावून ज्यांनी ‘इथे कुणीतरी राहत होतं’ असं म्हटलं, त्यांची नजर चांगलीच होती.

असं बघणारे आपण एकटे नाही. इंग्लंडात व्हिटबीच्या किनाऱ्यावर अमोनाइट सापडतात. तिथल्या लोकांना वाटायचं, हे वेटोळं घातलेले साप आहेत आणि संत हिल्डाने त्यांचा दगड केला. फक्त डोकं कुठे दिसत नाही, म्हणून दुकानदार चक्क सापाचं डोकं कोरून विकायचे. आणि ‘अमोनाइट’ हा ज्याला दादा सायंटिफिक शब्द म्हणतो, तो आला कुठून? इजिप्तच्या आमोन देवाच्या मेंढ्याच्या शिंगांवरून. घ्या! सायन्सच्या नावातही देवच निघाला.

दादाची बाजूही नवीन नाही. पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने १७८२ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय, की शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच्या जातीचं दगड झालेलं कवच. म्हणजे ही ‘ब्रेकिंग न्यूज’ सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. तेव्हापासून आजपर्यंत लोक पूजा करतायत आणि अभ्यासकही अभ्यास करतायत. होली वॉल्टर्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २०२० मध्ये शाळिग्रामाच्या यात्रेवर आख्खं पुस्तक काढलं.

पुढच्या शनिवारी मी डोंबिवलीला गेले. सोबत माझी एक मैत्रीण, जिऑलॉजीत एमएससी केलेली. पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी दहापट मोठं दाखवणारं भिंग बाळगणारी माझ्या ओळखीतली ही एकमेव मुलगी. आईने पोहे केले, चहा केला आणि मग देव्हाऱ्यासमोर नेऊन म्हणाली, ‘‘बघ हो, पण लांबूनच.’’

शाळिग्राम ताम्हनात होता. आठवडाभर तिथेच. बाबा खुर्चीत बसून लांबूनच पळीने पाणी घालत होते, अर्धं फरशीवर. पुसायचा कुणी नाही म्हणून तो तसाच ओला.

मैत्रीण गुडघ्यांवर बसली, भिंग डोळ्याला लावून ताम्हनाच्या अगदी जवळ गेली. केसांची बट पाण्यात. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘काकू, मस्त आहे हो. रिब्ज बघा, एकसारख्या नाहीत. कुठे दोन होतात, कुठे एक. हे कोरलेलं नाही, खरं आहे.’’

(हे तुम्हीही लक्षात ठेवा. हल्ली ऑनलाइन हव्या त्या आकाराचे, अगदी शंख-चक्र-गदा स्पष्ट कोरलेले ‘शाळिग्राम’ मिळतात. आकार जितका परफेक्ट, तितका संशय घ्यावा. शिवाय परंपरेनुसार शाळिग्रामाची किंमत ठरवायचीच नसते. मुक्तिनाथखालच्या रानीपौवा गावात बायका रस्त्याकडेला मफलर विणत शाळिग्राम विकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, मी काय बोलणार?)

बाबांनी विचारलं, ‘‘पडला, तर त्याला काही दोष?’’

‘‘काका, पंधरा कोटी वर्षांत हा हिमालयाबरोबर उचलला गेलाय आणि नदीतून कित्येक मैल आपटत आलाय. तुमच्या फरशीने काय होणार त्याला? फरशीचं बघा.’’

बाबा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. आणि परंपरेतसुद्धा मूर्ती भंगली तर विसर्जन करतात, शाळिग्राम भंगला तरी पूजेत चालतो. हे बाबांना माहीत होतं, पण दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं बहुतेक.

मग मी मुद्द्याला हात घातला. ‘‘आई, आता तू करायचीस पूजा.’’

‘‘काहीतरीच काय! शास्त्रात नाही.’’

मी तयारी करून गेले होते. जुन्या काही ग्रंथांत बायकांना आणि शूद्रांना शाळिग्रामाचा स्पर्श नाकारलाय, हे खरं. पण सोळाव्या शतकातला गौडीय वैष्णवांचा ‘हरिभक्तिविलास’ हा ग्रंथ दीक्षा घेतलेल्या स्त्रियांना आणि शूद्रांनाही शाळिग्रामपूजेचा अधिकार देतो. म्हणजे शास्त्रातही एकमत नाही. आणि शाळिग्रामाची गोष्ट काय आहे? वृंदा. विष्णूने जालंदराचं रूप घेऊन तिला फसवलं आणि तिने शाप दिला, दगड होशील. ती तुळस झाली, तो शाळिग्राम. दर कार्तिकात आपण त्या दोघांचं लग्न लावतो. म्हणजे एका बाईच्या शब्दाने जो दगड झाला, त्याला बाईनेच हात लावायचा नाही?

आणि मुक्तिनाथ! ३,७०० मीटरवर शाळिग्रामाच्या माहेरी जे विष्णूचं देऊळ आहे, तिथे मी गेले तेव्हा गाभाऱ्यात कोण होतं? तांबडी वस्त्रं घातलेली, डोक्यावरचे केस काढलेली एक बौद्ध भिक्षुणी. हिंदू यात्रेकरू तिच्या हातून टिळा लावून घेत होते. तिथल्या देवळाची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या स्थानिक भिक्षुणी करत आल्यात. शेजारच्या ज्वालामाईच्या देवळात जमिनीतून निघणाऱ्या वायूची निळी ज्योत जळते, तिच्यावरही त्यांचंच लक्ष. तिथे शाळिग्रामाला काही झालेलं दिसलं नाही.

मैत्रिणीने शेवटचा पत्ता टाकला. ‘‘काकू, अमोनाइटमध्ये एकाच जातीत दोन साइझ सापडतात. एक मोठा, एक बराच छोटा. त्यातला मोठा तो बहुधा मादीचा, असं मानतात. तुमचा कुठला, ते या गोट्यावरून नाही सांगता येणार. पण आत बाईच असायची शक्यता अगदी फिफ्टी-फिफ्टी!’’

आई काहीच बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मला वाटलं, झालं, आपण जरा जास्तच बोललो. आपल्यासाठी हा टाइमपास असतो. वाद जिंकायचा, पोहे खायचे, संध्याकाळची डेक्कन क्वीन पकडायची. तिला उद्या सकाळी एकटीने त्या देव्हाऱ्यासमोर उभं राहायचं होतं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘‘अगं, त्या दिवशी तो कपाटाखाली गेला, तेव्हा काढला कुणी? मला तर वाकता येत नाही.’’

एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात दोघंच. साडेसातचा तो फोन. तो घाबरलेला आवाज. आई शाळिग्राम पडला म्हणून घाबरली नव्हती. तिने तो उचलला म्हणून घाबरली होती. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि आठवडाभर आम्हा कुणालाही सांगितलं नव्हतं. रोज बाबांना काही होतंय का, हे बघत बसली होती.

‘‘हात लागला माझा,’’ ती अगदी हळू म्हणाली. ‘‘दुसरं कोण होतं?’’

‘‘मग काय झालं?’’ बाबा म्हणाले. ‘‘मी आहे ना अजून?’’

मला पुढे बोलायला काही उरलंच नाही. सगळे ग्रंथ, भिक्षुणी, टेथिस आणि फिफ्टी-फिफ्टी एका बाजूला आणि बाबांचं ते एक वाक्य एका बाजूला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर उठले. (होय, रविवारी! साडेसहाला!) आई आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर बसली होती. बाबा शेजारी खुर्चीत, मंत्र म्हणायला. त्यांचे हात थरथरतात, आवाज नाही. आईने शाळिग्राम उचलला. दोन्ही हातांनी, जसं पहिल्यांदा तान्हं बाळ उचलतात तसा. पाणी घातलं, पंचाने पुसला, छिद्रापाशी जरा जपून. मग चंदन लावलं. छत्तीस वर्षं जे उगाळलं, ते पहिल्यांदा स्वतःच्या बोटाने. आणि वर तुळशीचं पान.

‘‘जड आहे की गं,’’ एवढंच म्हणाली.

मी मनात हिशेब करत होते. आमच्या डोंबिवलीखालचा, पुण्याच्या टेकड्यांचा, सगळ्या सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. जवळपास त्याच सुमाराला पृथ्वीवर उल्का आदळली आणि डायनासोरांबरोबर शेवटचे अमोनाइटही संपले. आपण ज्याला ‘काळा पत्थर’ म्हणून अनादि-अनंत समजतो, तो सह्याद्री आमच्या शाळिग्रामासमोर ज्युनियर आहे. आणि तो सीनियर सिटिझन आईच्या तळहातावर निवांत आंघोळ करत होता.

शाळिग्रामाची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही, असं बाबा नेहमी सांगतात. बाकीच्या मूर्तीत मंत्राने प्राण आणावे लागतात, याच्यात ते असतातच. लहानपणी मला ते देवाचं कौतुक वाटायचं. आता वाटतं, याइतकी साधी आणि खरी गोष्ट दुसरी नाही. आमच्या देव्हाऱ्यात एकेकाळी खरोखर श्वास घेतलेला, पोहलेला, घर बांधलेला हा एकटाच आहे.

दादाला मी फोटो पाठवला. आईचे हात आणि त्यात शाळिग्राम. म्यूझियमचं काय झालं, असं त्याने विचारलं नाही. थोड्या वेळाने फक्त एवढंच आलं : ‘‘आईला सांग, पुढच्या महिन्यात येतोय. मला पण एकदा हातात घ्यायचाय.’’

मामाला मात्र काही कळवलेलं नाही. कळलं की फॉरवर्ड येईलच!